पहाटे ओढ्याकाठी शीळ कोण घालतंय? घाबरू नका, हा आहे शीळकरी कस्तूर!

पाटण : जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कोयना खोऱ्यातल्या वरच्या अंगाच्या एका वाडीतून आमच्या व्हॉट्सॲपवर एक ऑडिओ आला. जेमतेम पाऊण मिनिटाचा. आधी पागोळ्यांची टपटप, मागं ओढ्याचा खळाळ, आणि मग शीळ. अगदी माणसानं घातल्यासारखी. वर जाते, खाली येते, मधेच तुटते, पुन्हा भलतीकडूनच सुरू होते. ऑडिओखाली एकच ओळ होती : "हे माणूस हाय का पाखरू, तेवढं सांगा. लई बोंबाबोंब झालीया."

बोंबाबोंब कशाची, ते फोन केल्यावर कळलं. वाडीतल्या बायका पहाटे ओढ्याच्या वाटेनं जातात. सलग चार-पाच दिवस त्या वाटेवर कुणीतरी शीळ घालत होतं. अंधार असल्यानं माणूस दिसत नव्हता, शीळ मात्र स्पष्ट ऐकू यायची. त्याच आठवड्यात एक पोरगा मुंबईहून गावी आलेला. त्याला येता-जाता शीळ घालायची सवय. झालं, संशय त्याच्यावर! दोघं-तिघं जाणते त्याच्या वडिलांकडं जायला निघाले होते. एवढ्यात एका काकींनी डोकं चालवलं. त्यांनी आपल्या भाच्याला पहाटे साडेचारला उठवून आवाज रेकॉर्ड करायला लावला, आणि तो मुंबईचा पोरगा त्या वेळी पडवीत घोरत पडलाय का, हेही बघून यायला सांगितलं. तो घोरतच होता.

शीळ घालणारा होता शीळकरी कस्तूर. आपल्या सह्याद्रीतला पक्षी. पुस्तकात त्याला मलबारी शीळकरी कस्तूर असंही म्हणतात.

त्या वाडीला कुणी हसू नये. या पक्ष्यानं भल्याभल्यांना फसवलंय. इंग्रजीत त्याचं टोपणनावच 'व्हिसलिंग स्कूलबॉय', म्हणजे शीळ घालत शाळेला निघालेलं पोरगं. ते नाव बरोबर बसतं. कारण या शिळेला धड चाल नसते. रेंगाळत चाललेला पोरगा जसं एखादं गाणं अर्धवट आठवत शीळ घालतो, एक ओळ धरतो, विसरतो, दुसरीच घेतो, तसं हे गाणं असतं. १८३१ साली निकोलस व्हिगर्स या आयरिश पक्षीतज्ज्ञानं त्याची शास्त्रीय नोंद केली आणि थॉमस हॉर्सफिल्ड या निसर्गशास्त्रज्ञाच्या नावावरून त्याला 'मायोफोनस हॉर्सफिल्डी' असं नाव दिलं. नाव साहेबाचं लागलं, पण पाखरू आपल्या घाटातलंच.

कानानं कसा ओळखायचा

हा पक्षी डोळ्याआधी कानानं ओळखावा. त्याची वेळ ठरलेली असते. झुंजूमुंजू व्हायच्या आधी, बाकीची पाखरं जागी व्हायच्या आत हा सुरू होतो. उजाडल्यावर गाणं कमी होतं. मात्र आभाळ भरून आलेलं असेल, धुकं उतरलं असेल, तर दिवसभरातही मधूनमधून ऐकू येतं. संध्याकाळी दिवेलागणीलाही एखादी फेरी होते.

पहाटे गाणारे आणखीही पक्षी आहेत. दयाळ गातो, आणि फार गोड गातो. पण त्याच्या गाण्यात तुकडे असतात. एक तुकडा पुन्हा पुन्हा घोळवतो, मग दुसरा घेतो. कोतवालही अंधारातच सुरू होतो, पण त्याच्या आवाजाला खरखर असते. कोकिळाची कुहू तर लहान पोरसुद्धा ओळखतं, ती पायरी-पायरीनं चढत जाते. शीळकऱ्याची शीळ मात्र गोल, भरीव आणि माणसाच्या ओठातून आल्यासारखी. ऐकताना मनात "कोण आहे रे?" असं आलं, तर तो शीळकरीच असण्याची शक्यता जास्त. एक अडचण आहे भीमराजाची. शेपटीला दोन लांब तारा असलेला हा काळा पक्षी दुसऱ्यांच्या हुबेहूब नकला करतो. पण तो थोड्या वेळात आवाज बदलतो आणि चोरी उघडी पडते.

शीळकऱ्याचा दुसराही एक आवाज आहे. गाण्याचा नव्हे, इशाऱ्याचा. ओढ्यावरून उडताना "क्रीऽऽ" अशी एकच बारीक, टोकदार शिट्टी मारतो. पाऊस संपल्यावर गाणं थांबतं, पण ही शिट्टी बारा महिने चालू असते. आता गंमत बघा. वाहत्या पाण्याचा आवाज जाड, घरघरणारा असतो. त्यात जाड आवाज बुडून जातो, बारीक शिट्टी मात्र आरपार निघून जाते. ओढ्याच्या अल्याड-पल्याड एकमेकांना हाक मारायची तर आपणही हात तोंडाशी नेऊन शीळच घालतो की.

डोळ्यानं कसा ओळखायचा

लांबून बघाल तर निव्वळ काळा पक्षी. साळुंकीएवढा, अंगानं जरा लांबोडा, साधारण २५ सेंटिमीटर. पाय काळे, मजबूत. चोच काळी. एवढ्यावर "काळं पाखरू दिसलं" म्हणून आपण सोडून देतो.

पण त्याच्यावर ऊन पडू द्या. कपाळावर गडद निळा, झळझळीत पट्टा उजळतो. खांद्यावर तसाच निळा डाग. बाकी अंगावरही निळसर झाक येते. सावलीत गेला की पुन्हा काळा. याचं कारण असं की पाखरांच्या पिसांतला निळा रंग हा हळदीसारखा किंवा गुलालासारखा भरलेला रंग नसतो. पिसाची बारीक रचनाच अशी असते की उजेडातला निळा तेवढा परत फिरतो. उजेड नाही तर निळाही नाही. म्हणून पावसाळी अंधाऱ्या सकाळी काढलेल्या फोटोत तो कायम काळाच येतो, आणि लोक आम्हाला तो फोटो पाठवून "कावळ्याचं पिल्लू का?" म्हणून विचारतात.

नर आणि मादी दिसायला सारखेच. पिल्लं काळपट तपकिरी असतात, त्यांच्या कपाळावर निळा पट्टा नसतो.

गोंधळ होतो तो मुख्यतः तीन पाखरांशी. पहिला साधा कस्तूर. तोही आपल्या घाटातल्या झाडीत असतो, तोही सुरेख गातो. पण त्याची चोच नारिंगी-पिवळी, डोळ्याभोवती पिवळं कडं आणि पाय पिवळे. चोच बघितली की निकाल लागला. दुसरा निळा कस्तूर. हा हिवाळी पाहुणा. गडांच्या तटावर, दगडाच्या खाणीत, कधी गच्चीच्या कठड्यावर एकटाच बसलेला दिसतो. अंगभर मळकट निळा, कपाळावर वेगळा पट्टा नाही. आणि मुख्य म्हणजे तो पावसाळ्यात आपल्याकडं नसतोच. आषाढात निळा-काळा पक्षी दिसला तर तो निळा कस्तूर नव्हे. तिसरा चिरक. गोठ्याभोवती, बांधावर शेपटी वर करून नाचणारा. तो खूपच छोटा, चिमणीपेक्षा थोडा मोठा, शेपटीखाली तांबूस. त्याच्याशी गोंधळ फक्त लांबून होतो.

जाता जाता एक गोष्ट. नावात कस्तूर असला तरी शास्त्रज्ञ आता शीळकऱ्याला खऱ्या कस्तुरांच्या कुळात धरत नाहीत. त्याचं नातं दयाळ, चिरक, माशीमार यांच्या कुळाशी जुळतं. म्हणजे आपल्या अंगणातला दयाळ हा त्याचा भाऊबंद.

हिमालयात याचा एक सख्खा वाटावा असा भाऊ आहे, निळा शीळकरी. त्याची चोच पिवळी. कृष्णाची बासरी चोरणाऱ्या पोराला शाप मिळाला आणि त्याचं पाखरू झालं, अशी कथा तिकडं या पक्ष्याबद्दल सांगतात. चोरलेली चाल त्याला पूर्ण कधीच येत नाही, म्हणून तो मधेच तुटतो. आपल्या शीळकऱ्यालाही ही कथा तंतोतंत लागू पडते.

पाणी, दगड आणि खेकडे

शीळकरी कुठं राहतो याचं उत्तर एका शब्दात द्यायचं तर ओढा. झाडीतला, दगडगोट्यांचा, वाहता ओढा. महाबळेश्वर, कोयना, आंबा घाट, राधानगरी, आंबोली, भीमाशंकर, माथेरान, या सगळ्या पट्ट्यात तो आहे. खाली गोवा, कर्नाटक, केरळपर्यंत घाटानं जातो, वर मध्य प्रदेशात पचमढी आणि राजस्थानात माउंट अबूपर्यंत सापडतो. पण मुख्य वस्ती आपल्या पश्चिम घाटातली. पाऊस ओसरल्यावर तो थोडा पांगतो. मग कधी खालच्या गावात विहिरीपाशी, बागेत, पाटाच्या कडेलाही दिसतो.

त्याचं खाणं बघण्यासारखं असतं. ओल्या दगडावरून टुणटुण उड्या मारत जातो, मधेच थांबतो, शेपटी पंख्यासारखी उघडतो आणि मिटतो. किडे, गांडुळं, गोगलगाय, बेडकाची पिल्लं आणि छोटे खेकडे हा त्याचा आहार. खेकडा किंवा गोगलगाय सापडली की दगडावर आपटून फोडतो. तुमच्या ओढ्यात एखाद्या दगडावर फुटक्या कवचांचा चुरा पडलेला दिसला, तर आसपास थोडं थांबून बघा. याशिवाय जंगलातली पिकलेली फळंही तो खातो.

त्याचं वर्ष आपल्या पंचांगात बसवून सांगता येईल. होळी-पाडव्याच्या सुमाराला गाण्याची तयारी सुरू होते. वळवाच्या सरी पडल्या की आवाज वाढतो. मृगात तो भरात येतो. आषाढ-श्रावण हा घरट्याचा आणि पिल्लांचा काळ. भाद्रपदात पिसं झडून नवी येतात, गाणं ओसरतं, आणि पितृपंधरवड्यापर्यंत बहुतेक ठिकाणी सामसूम होते. बाकी पाखरं मुसळधार पावसात घरटं करायचं टाळतात, हा मात्र नेमका तेव्हाच करतो. कारण उघड आहे. पाऊस पडला की ओढ्याला पाणी, पाण्यात खेकडे, ओल्या मातीत गांडुळं. पिल्लांची पोटं भरायला यापेक्षा चांगले दिवस नाहीत.

घरटं म्हणजे शेवाळ, बारीक मुळ्या आणि चिखल यांचा जाड गादीवजा वाडगा. कड्याच्या कपारीत, ओढ्यावरच्या दगडाच्या कंगोऱ्यावर, कधी धबधब्याच्या पडद्यामागं. पाणी समोरून कोसळतंय आणि मागं पिल्लं सुकी, असा हिशेब. अंडी दोन ते चार. साधारण १६-१७ दिवसांत पिल्लं बाहेर येतात. जागा चांगली असेल तर पुढच्या वर्षीही तिथंच येतो.

आणि आता मुद्द्याची गोष्ट. माणसानं बांधलेली वळचणही त्याला कपारीसारखीच वाटते. रस्त्याच्या मोरीखाली, देवळाच्या मागच्या बाजूला, शाळेच्या व्हरांड्यात, बंद घराच्या पडवीत तुळईवर तो घरटं करतो. म्हणजे तो आपल्या दारात येतो, तेही नेमका आपण कौलं शाकारायच्या, रंगकाम उरकायच्या, गणपतीआधी झाडलोट करायच्या दिवसांत.

घरटं दिसलं तर काय करायचं

त्याला तसंच राहू द्यायचं. बाकी काही नाही. महिना-दीड महिन्याचा प्रश्न असतो. खाली घाण पडते, कबूल आहे, त्यासाठी एक पोतं अंथरा. ते झाडून टाकता येतं. घरटं हलवून "दुसरीकडं नीट ठेवू" असा विचार करू नका. जागा बदलली की आई-बाप पिल्लांना सोडून जाण्याचा धोका मोठा असतो. शिडी लावून रोज फोटो काढायलाही जाऊ नका. तुमच्या ये-जा करण्यानं कावळ्याला आणि मांजराला पत्ता कळतो.

पिल्लू घरट्याबाहेर, जमिनीवर दिसलं तर लगेच उचलून घरी नेऊ नका. पंख फुटलेलं पिल्लू उडायला शिकताना खाली उतरतंच. आई-बाप जवळच असतात, तुम्ही उभे आहात म्हणून येत नाहीत. कुत्रं-मांजर हाकला, पिल्लू उघड्यावर असेल तर बाजूच्या झुडपात ठेवा आणि लांब व्हा. खरोखर जखमी असेल तरच वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. हा फोन मोफत आहे.

पिंजऱ्याचा विषय टाळून चालणार नाही. हा पक्षी लहानपणापासून माणसाजवळ वाढला तर ऐकलेल्या चाली शिकतो, हे पूर्वीपासून माहीत आहे. हे छापावं की नाही, याचा आम्ही विचार केला. पण पिल्लं काढणाऱ्याला हे आधीच ठाऊक असतं, ठाऊक नसतं ते वळचणीखाली राहणाऱ्या घरमालकाला. एखादा अनोळखी माणूस दुचाकीवरून येऊन "ते घरटं देता का, पैसे देतो" म्हणाला, तर तो कशासाठी विचारतोय हे तुम्हाला कळलं पाहिजे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे आपल्याकडचे रानपक्षी पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे. घरट्याला किंवा अंड्यांना त्रास देणं हेसुद्धा कायद्यानं शिकारीत मोडतं. घेणारा गाडीला किक मारून निघून जातो, चौकशी घरमालकाची होते.

दुसरा धोका आपल्या खिशात आहे. मोबाईलवर शीळकऱ्याचा आवाज लावून त्याला जवळ बोलावायचा प्रकार घाटातल्या रिसॉर्टभोवती बराच चालतो. फोटोसाठी आलेले लोक करतात, आता आपली पोरंही करतात. नराला वाटतं, दुसरा नर हद्दीत घुसला. तो खाणं-पिणं, पिल्लं सोडून त्या खोट्या शत्रूला शोधत फिरतो. एकदा-दोनदा झालं तर ठीक, पण शनिवार-रविवारी सकाळपासून दहा जणांनी स्पीकर वाजवला तर त्या पाखराचा दिवस वाया जातो.

त्यापेक्षा मोबाईलचा उलटा उपयोग करा. 'मर्लिन' नावाचं ॲप फुकट आहे. पक्ष्याचा आवाज ऐकवला की ते नाव सुचवतं. आपल्या भागाची यादी एकदा डाउनलोड करून ठेवली की रेंज नसतानाही चालतं, आणि आपल्या वाड्यांत हे महत्त्वाचं. पण ॲप सांगतं ते ब्रह्मवाक्य नव्हे. ओढ्याचा आवाज मोठा असेल तर ते चुकतं. फोन पाण्यापासून लांब धरा, बोलू नका, अर्धा मिनिट रेकॉर्ड करा, आणि मग वर सांगितलेल्या खुणांशी ताडून बघा.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी, पण तिला कुणी पक्ष्याचा प्रश्न म्हणत नाही. फवारणीचा पंप ओढ्यात धुणं. खेकडे-मासे एकदम मिळावेत म्हणून पाण्यात औषध टाकणं. ओढ्यात जेसीबी घालून दगड काढणं आणि दोन्ही काठ सिमेंटनं बांधून सरळ नाली करणं. दगड गेले की खेकड्यांची बिळं गेली, कपार गेली की घरट्याची जागा गेली. काही ठिकाणी पुरासाठी बांध घालावाच लागतो, त्याला इलाज नाही. पण जिथं गरज नाही तिथंही केवळ निधी आला म्हणून ओढ्याची नाली होते, हे आपल्या तालुक्यात डोळ्यासमोर घडतंय. ग्रामसभेत तो विषय निघेल तेव्हा खेकडे धरणाऱ्या आबांना आधी बोलू द्या. कुठल्या दगडाखाली काय राहतं ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

त्या वाडीत पुढं काय झालं, ते सांगायचं राहिलं. शीळ ओढ्यावरून येत होती, पण घरटं निघालं देवळाच्या मागच्या वळचणीला. देवळाचं रंगकाम याच महिन्यात ठरलं होतं, रंगाचे डबेही आले होते. बैठक झाली, थोडी वादावादी झाली. "पाखरासाठी देवाचं काम थांबवायचं का?" असं एक जण म्हणाला. त्यावर त्याच काकी म्हणाल्या, "देवाच्या घरात राहिलंय, भाडं देवाला विचारा." शेवटी तीन बाजू रंगवल्या आणि मागची तशीच ठेवली.

जुलै संपता संपता दोन पिल्लं बाहेर पडली. ऑडिओ पाठवणाऱ्या भाच्याचा परवा मेसेज आला : "पिल्लं आता वड्यावर हायती. आय-बाप खेकडं फोडून देत्यात. भित मात्र अजून तशीच, पेंटर आता गणपतीनंतर येतो म्हनलाय." मुंबईचा पोरगा कामावर परत गेला. जाताना तो ऑडिओ भाच्याकडून मागून घेतला आणि फोनची रिंगटोन केली, असं कळतं.